रेव्हरंड टिळक आणि चर्चमधला अभंग



विषय थोडा चमत्कारिक आहे, म्हणून तो कसा ठरला ते आधी सांगतो. व्याख्यानमालेचं निमंत्रण घेऊन दोन तरुण माझ्याकडं आले होते. त्यातल्या एकाच्या मोबाईलवर गिटारवरचं एक इंग्रजी गाणं चालू होतं, आवाज अगदी खर्जातला. मी विचारलं, कोण रे हा? तो म्हणाला, "सर, जॉनी कॅश. कंट्री सिंगर. अर्धी गाणी तुरुंगाची, अर्धी येशूची." आणि मग त्यानं विचारलं, "सर, आपल्याकडं असा कोण झाला का हो? गावठी चालीत येशूची गाणी स्वतः लिहून म्हणणारा?" मी म्हटलं, झाला की. त्याची कविता मी शाळेत छडीच्या धाकानं पाठ केलीय. फक्त तो ख्रिस्ती होता हे आमच्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

ती कविता म्हणजे 'केवढे हे क्रौर्य'. पारध्याच्या बाणानं घायाळ झालेली पक्षीण आणि तिची पिल्लं. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, वर्गात पोरं रडायची. कवीचं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'रेव्हरंड' म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मला कितीतरी वर्षं ते रावबहादूरसारखं काहीतरी वाटायचं.

तर टिळकांकडं मी जाणार आहे, पण अमेरिकेवरून जाणार आहे. वाट लांबची आहे, पण वाकडी नाही.

हे जे कंट्री म्हणतात, ते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरातल्या आणि कापसाच्या रानातल्या गरीब गोऱ्या माणसांचं गाणं. १९२७ साली ब्रिस्टल नावाच्या गावात राल्फ पीर नावाचा एक रेकॉर्ड कंपनीचा माणूस यंत्रं घेऊन आला आणि त्यानं आसपासच्या गाणाऱ्यांना बोलावून त्यांची गाणी मुद्रित केली. त्यात कार्टर कुटुंब होतं, जिमी रॉजर्स होता. तिथून या गाण्याचा बाजार सुरू झाला असं मानतात. पण बाजार सुरू व्हायच्या आधी हे गाणं कुठं होतं? चुलीपाशी होतं, रानात होतं आणि चर्चमध्ये होतं. त्यामुळं देवाचं गाणं आणि दारूचं गाणं एकाच गळ्यातून, एकाच चालीवर येतं. जॉनी कॅश १९३२ साली आर्कान्सामध्ये जन्मला, कापूस वेचत वाढला, आईच्या तोंडून भजनं ऐकत वाढला. मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत तो पहिल्यांदा गेला तो देवाची गाणी म्हणायलाच. फिलिप्सनं सांगितलं, ही खपत नाहीत, दुसरं काही असेल तर आण. मग त्यानं दुसरं आणलं, आणि ते इतकं खपलं की तो मोठा माणूस झाला. १९५८ साली तो कोलंबिया या मोठ्या कंपनीकडं गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची भजनांची तबकडी निघाली. म्हणजे देवाचं गाणं म्हणायची परवानगी त्याला पैसा मिळवून विकत घ्यावी लागली. आपल्या टिळकांचं बरोबर उलट झालं. ते पुढं येईल.

आता गंमत बघा. अमेरिकेतसुद्धा देवासाठी कुठली चाल योग्य यावर मोठं भांडण झालेलं आहे. बोस्टनला लोवेल मेसन नावाचे संगीतकार होते, १७९२ ते १८७२. त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी ठरवलं की खेड्यातल्या गायकांच्या जुन्या चाली ओबडधोबड आहेत. युरोपातल्या संगीतशास्त्राला धरून नीटनेटक्या चाली पाहिजेत. शहरातल्या चर्चमधून गावठी चाली हळूहळू गेल्या आणि दक्षिणेच्या डोंगरात तगून राहिल्या. कंट्रीचं एक मूळ तिथं आहे. आणि ज्या अमेरिकन बोर्डानं आपल्याकडं मिशनरी पाठवले, त्या बोर्डाचं मुख्य ठाणं कुठं? बोस्टनलाच. १८१३ साली ते मुंबईला आले, १८३१ साली अहमदनगरला. आपल्या कोल्हापुरात रॉयल वाइल्डर आले ते १८५२ साली. कोल्हापूरच्या चर्चला आजही त्यांचं नाव आहे. म्हणजे आपल्याकडं जे ख्रिस्ती गाणं आलं ते शहरात धुऊन, इस्त्री करून आलेलं होतं.

आणि त्याचं मराठी भाषांतर झालं. इथं जरा थांबू, कारण खरी अडचण इथं आहे आणि ती नुसती आवडीनिवडीची नाही.

इंग्रजी पद्याची एक ठरलेली मोजणी असते. आठ, सहा, आठ, सहा अशी अक्षरं, आणि त्यात ठरलेल्या जागी जोर. जोर म्हणजे आघात. इंग्रजी शब्दाला आघात असतो, त्यावर त्यांचं गाणं उभं राहतं. मराठीत तसा आघात नाही. मराठीत ऱ्हस्व आहे, दीर्घ आहे. आता आघाताच्या चालीत मराठी शब्द कोंबले की काय होतं? 'प्रभु' मधला 'भु' ताणला जातो, 'दया' मधला 'या' तुटतो, एक शब्द अर्ध्यावर संपतो आणि पुढचा त्याला चिकटतो. म्हणणाऱ्याला कळत नाही आपण काय म्हणतोय. भाषांतर करणारे साहेब मोठे विद्वान होते, मोल्सवर्थच्या कोशाच्या काळातली ती माणसं, मराठी त्यांना उत्तम येई. पण मराठी येणं वेगळं आणि मराठीत गाता येणं वेगळं.

उलट आपला अभंग घ्या. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. झालं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचासुद्धा जाच नाही. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही तो करता येतो आणि रात्रभर म्हणता येतो. ओवी तर जात्यावरची. ख्रिस्ताची कथा ओवीत सांगायची हे आधी एका इंग्रजालाच सुचलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पण तो वारसा कॅथलिकांचा आणि गोव्याकडचा. नगरच्या प्रॉटेस्टंट मिशनला त्याचा उपयोग झाला नाही.

नगरमध्ये या कोंडीतून वाट काढली ती कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी. जन्म १८३४, मृत्यू १९०८. यांनी कीर्तन उचललं. उभं राहून, टाळ-मृदंगाच्या साथीनं, पूर्वरंग-उत्तररंगाच्या वळणानं येशूचं आख्यान लावायचं. तन, मन, धन देवाला वाहण्याचं त्यांचं एक पद आहे, त्याचं इंग्रजी भाषांतर आपल्या मूळ चालीसकट अमेरिकेतल्या भजनांच्या पुस्तकात गेलं. म्हणजे बोस्टनची चाल नगरला आली होती, तिची परतफेड झाली म्हणायची. सांगळ्यांवर मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही. मला विचाराल तर ही लाजेची गोष्ट आहे. टिळकांचं नाव घेताना आपण ज्या उत्साहानं घेतो, तो उत्साह सांगळ्यांच्या वाट्याला आला नाही, आणि याचं कारण काव्यगुणाइतकंच आपल्या जातीच्या चष्म्यातही आहे. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की ती बातमी होते.

आणि बातमी झालीच. आता टिळक.

एक खुलासा करून टाकतो, नाहीतर मागच्या रांगेत कुजबुज होईल. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. दोघेही चित्पावन, दोघेही रत्नागिरी जिल्ह्याशी बांधलेले, वयात पाच-सहा वर्षांचं अंतर. नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, करजगावचा, दापोलीच्या बाजूला. वडील कडक, आई जानकीबाई कवितेची आवड असलेली. आई लवकर गेली आणि हा मुलगा घर सोडून नाशिकला निघून गेला. तिथं गणेशशास्त्री लेल्यांकडं शिकला. पुढं कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. एका ठिकाणी टिकणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. डोक्यात एक विचार घोळत असायचा की या देशाला नवा धर्म पाहिजे, आणि तो आपणच काढावा! १८८० साली लग्न झालं तेव्हा बायको अकरा-बारा वर्षांची. मनकर्णिका गोखले, सासरचं नाव लक्ष्मी. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं असेल त्यांना या संसाराचं काय काय झालं ते माहीत आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी माझं भाषण अर्धवट सोडून घरी जाऊन ते वाचलं तरी मला राग येणार नाही.

१८९३ साली टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, कवितेच्या झाल्या, देवाच्या झाल्या. उतरताना त्यानं 'नवा करार' हातात ठेवला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. तो माणूस कोण होता ते टिळकांना पुढं कधी कळलं नाही. आपण रोज मिरज-कोल्हापूर गाडीनं जातो-येतो. आपल्याला शेजारचा माणूस फार तर 'सरका जरा' म्हणतो. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरचं प्रवचन आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. मग त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला तो रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी. हे अ‍ॅबट पुढं मिशनमधून निवृत्त झाल्यावर महिपतीचं संतचरित्र आणि बहिणाबाईंचे अभंग इंग्रजीत नेत बसले. कोण कुणाला बदलत होतं, हा प्रश्न मला या दोघांच्या बाबतीत नेहमी पडतो.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत काय होती ते आज कळणं अवघड आहे, म्हणून एक उदाहरण देतो. याच्या आधी पाच वर्षं, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला गेलेल्या मंडळींपुढं चहा आला. कुणी प्याले, कुणी नुसता हात लावला. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्यही होते. त्या एका पेल्यावरून ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि या एवढ्या मोठ्या माणसांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. चहासाठी हे. मग धर्मच बदलला तर? लक्ष्मीबाईंना नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. माहेर-सासरच्या लोकांनी त्यांना पंढरपूरला नेऊन ठेवलं, पदरी लहान मुलगा. नवरा येशूसाठी अभंग लिहितोय आणि बायको अभंगाच्या माहेरी, चंद्रभागेच्या काठी, त्याच्या नावानं रडतेय. जवळजवळ पाच वर्षं. पुढं त्या नवऱ्याकडं आल्या, सुरुवातीला सोवळं सांभाळून वेगळ्या राहिल्या, आणि मग एके दिवशी देवानं जात केलेली नाही हे त्यांचं त्यांनाच उमगलं. कुणाच्याही हातचं पाणी चालू झालं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानं सांगितलं म्हणून घेतला नाही, स्वतःला पटल्यावर घेतला, आणि ही त्या बाईची थोरवी.

टिळक नगरला गेले, तिथं धर्मशिक्षण घेणाऱ्यांना शिकवू लागले, १९०४ साली दीक्षित पाळक झाले, १९१२ पासून मरेपर्यंत 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू सांभाळली. पण त्यांनी केलेलं खरं काम म्हणजे गाणी. अभंग, ओव्या, पदं, आरतीच्या वळणाची स्तोत्रं. 'अभंगांजली' हे त्यांचं पुस्तक. आणि 'उपासना संगीत' हे जे पुस्तक आज मराठी चर्चमध्ये बाकाबाकावर ठेवलेलं असतं, त्यात टिळक पानापानावर आहेत.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या कॉलेजातले एक ख्रिस्ती सहकारी वारले. दफनविधीला आम्ही सगळे गेलो. मी तोवर कधी अशा विधीला गेलो नव्हतो, मागं अवघडून उभा होतो. इंग्रजी धाटणीचं एक स्तोत्र झालं, मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुस्तक न बघता अभंग सुरू केला. चाल भजनातली. चार-पाच जणांनी उचलला, मग सगळ्यांनी. मला वाटलं, वा, ही मंडळी तुकोबा म्हणतात! शेजारच्याला तसं बोललोही. तो हळूच म्हणाला, "सर, हे टिळकांचं आहे. आमच्या टिळकांचं." त्या 'आमच्या' शब्दावर मी चपापलो. ते माझेही होते ना? तिसरी-चौथीपासून. पण माझे टिळक पक्षिणीवाले, त्यांचे टिळक हे. एका माणसाची आम्ही वाटणी करून घेतली होती आणि एकमेकांच्या वाट्याची आम्हाला खबर नव्हती.

टिळक स्वतः ही वाटणी मानत नव्हते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचं ते सांगत. पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकायचा असतो असं त्यांना वाटलं नाही. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माउली म्हणतात.

आता मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, मला इथं थांबल्याशिवाय राहवत नाही. ख्रिस्ती परंपरेत देव बाप आहे, येशू पुत्र आहे. त्याला 'आई' म्हणायचं म्हणजे काय? वारकऱ्याला यात काहीच विशेष वाटत नाही. त्याची विठाबाई आहे, ज्ञानोबा माउली आहे, समोरून येणारा वारकरीसुद्धा माउली आहे. पण शब्द सासरी येताना माहेर विसरून येत नाही. 'माउली' म्हटलं की मागं लेकरू आलं, पान्हा आला, रुसणं आलं, देवाशी भांडणं आलं. बोस्टनहून आलेल्या धर्मशास्त्रात पापाची कबुली होती, क्षमा होती. देवावर रुसण्याची सोय नव्हती. टिळकांनी ती करून दिली. क्रुसावरच्या येशूपुढं त्यांचा भक्त नुसता अपराधी म्हणून उभा राहत नाही, तो विरहानं कासावीस होतो. ही मराठी भक्तीची भाषा आहे, आणि ती आल्याबरोबर आतला अनुभवच पालटतो. चाल बदलली, वृत्त बदललं, इतकंच झालं असं जे म्हणतात त्यांनी गाणं ऐकलेलं नाही.

त्यावर दोन्हीकडून आक्षेप आले. मिशनच्या बाजूनं भीती अशी की माउलीच्या मागून हळूहळू सगळं पंढरपूर आत येईल. हिंदूंच्या बाजूनं तक्रार अशी की आमचा अभंग पळवला, बाटवण्यासाठी वापरला. मी दोन्ही आक्षेप हसण्यावारी नेणार नाही. टिळकांना लोकांनी ख्रिस्ताकडं यावं असं वाटत होतं, ते त्यांनी लपवलं नाही, आणि आपण आज त्यांच्यावर प्रेम करताना ते झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण अभंग कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर त्याच नगर जिल्ह्यात श्रीगोंद्याला मिळतं. तिथं शेख महंमद होऊन गेले, मुसलमान. १६४५ साली 'योगसंग्राम' लिहिला, अभंग लिहिले, वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं. आपल्या या भागात, बाहुबलीच्या डोंगराच्या सावलीत बसून हे बोलताना मला जैन कवींचीही आठवण होते, त्यांनीही ओवीत पुराणं रचली. चोखोबांना देवळाबाहेर उभं केलं, पण अभंगाबाहेर कुणाला उभं करता आलं नाही. आणि आपण ज्या पेटीशिवाय भजनाला बसत नाही, ती पेटी कुठली? पॅरिसची. १८४० च्या सुमारास दबँ नावाच्या कारागिरानं घडवली, साहेबाबरोबर इकडं आली. आपल्या भजनी मंडळात जाऊन कुणी म्हणून बघावं की ही तुमची नव्हे! तेव्हा वस्तूंच्या बाबतीत आपण हिशेब विसरतो आणि शब्दांच्या बाबतीत मांडतो.

एक गोष्ट मात्र मला टिळकांच्या चाहत्यांनाही ऐकवायची आहे. नगर भागात १८७६ नंतरच्या मोठ्या दुष्काळाच्या काळात जे लोक मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले, ते बहुतेक महार आणि मांग वस्त्यांमधले होते. या वस्त्यांमध्ये गाणं आधीपासून होतं. ढोलकी होती, एकतारी होती, भजन होतं, शाहिरी होती. रविवारी पाळकाचं प्रवचन आणि रात्री वस्तीवर आपलं भजन, असं चालायचं. टिळकांचा अभंग त्यांनी इतक्या चटकन उचलला याचं एक कारण म्हणजे तो त्यांच्या तोंडात बसणारा होता. चाली कुणी लावल्या, मृदंग कुणी धरला, खेड्याखेड्यांत पायी फिरून कुणी शिकवला? गावोगावचे उपदेशक, मास्तर, बायबलबाया. त्यांची नावं कुठं छापली नाहीत. अमेरिकेत निदान एका व्यापाऱ्यानं यंत्र नेऊन कार्टर बाईंचा आवाज धरून ठेवला. आपल्या या बायांचा आवाज कुणी धरला नाही.

इकडं मोठ्या साहित्यात टिळकांना मान होता. ते ख्रिस्ती झाले म्हणून कवींनी त्यांना टाकलं नाही, हे आपल्या कवींचं मोठेपण. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या पोरानं सगळ्यांना थक्क केलं, तो आपला बालकवी. टिळकांनी त्याला घरी आणला आणि टिळक पती-पत्नींनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. 'वनवासी फूल', 'सुशीला' ही टिळकांची काव्यं त्या काळी लोक आवडीनं वाचत. 'फुलांमुलांचे कवी' ही पदवी तेव्हापासूनची. पदवी गोड आहे, पण तिनं घोटाळा केला. ती चिकटल्यावर त्यांचं बाकीचं निम्मं काम वाचकांच्या नजरेआड गेलं.

आता मघाशी राखून ठेवलेलं सांगतो. कॅशचं उलट टिळकांचं कसं झालं?

टिळकांना देवाचं गाणं म्हणण्यासाठीच पगार होता. मिशनचा पगार. घर चाललं ते त्यावर, आणि घर म्हणजे केवढं, तर येईल त्याला जेवण. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, लक्ष्मीबाईंनी ते मोठ्या खुमासदारपणे लिहून ठेवलंय. पण त्यांना हे टोचत राहिलं की आपण परक्यांच्या पैशावर आपल्या माणसांना देव सांगतो. ऐकणारा मनात म्हणतो, याला पगार मिळतो म्हणून हा बोलतो. तुकोबानं इंद्रायणीत वह्या घातल्या आणि शिवरायाचा नजराणा परत केला, ही गोष्ट ज्या समाजाच्या काळजात आहे, त्याला पगारी संत पटणार कसा? साठीच्या जवळ आल्यावर, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' उघडला. नाव बघा. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालतील आणि न घेतलेलेही चालतील. ख्रिस्तावर प्रेम असलं म्हणजे झालं. पाळक राहिलेल्या माणसानं असं म्हणणं म्हणजे चर्चच्या दाराची चौकटच काढून ठेवण्यासारखं होतं.

मी विद्यार्थ्यांना शिकवायचो की एखाद्या माणसाची श्रद्धा तपासायची तर त्याचं म्हणणं बघू नका, त्यानं कशावर पाणी सोडलं ते बघा. टिळकांनी दोनदा सोडलं. १८९५ साली जात, घर आणि बायको-मुलावर. १९१७ साली पोटापाण्याच्या खात्रीवर. पहिल्या वेळी ब्राह्मणांनी वेडा म्हटलं, दुसऱ्या वेळी ख्रिस्ती मित्रांनी मान हलवली. दरबार दोनेक वर्षंच चालला. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत गेले.

टिळकांच्या एका अभंगाचं इंग्रजी निकोल मॅक्निकोल यांनी केलं आणि ते इंग्लंड-स्कॉटलंडच्या भजनांच्या पुस्तकात गेलं. तिथल्या खेड्यातली माणसं रविवारी म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या किती जणांना करजगाव माहीत असेल? तसं आपल्यातल्या तरी किती जणांना माहीत आहे!

राहिलं 'ख्रिस्तायन'. नावावरूनच कळतं, रामायणासारखं येशूचं चरित्र मराठी ओवीत सांगायचं होतं. टिळकांनी ते १९०९ साली सुरू केलं, दहा-अकरा अध्याय झाले आणि काम तसंच राहिलं, कारण टिळकांचं प्रत्येक काम दुसरं काहीतरी सुचेपर्यंतच चालायचं. ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते हातात घेतलं. शाळेत न गेलेली बाई. अक्षरं नवऱ्यानं शिकवली ती धड जोडाक्षरांसकट नव्हे. 'स्मृतिचित्रे'सुद्धा त्यांनी ज्या मराठीत लिहिलं ती ओट्यावरची, परसातली मराठी आहे, आणि म्हणून ती अजून शिळी झालेली नाही. या बाईनं 'ख्रिस्तायन'चे साठाच्या वर अध्याय लिहिले. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ पुरा करून छापायचं काम मुलानं, देवदत्तांनी केलं. १९३८ साली तो बाहेर आला.

पंढरपूरला ज्या पोराला पदराखाली घेऊन ती बाई पाच वर्षं बसली होती, तोच हा देवदत्त.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आणि मागं ते पेटीवाले बसलेत, त्यांना काही म्हणायचं असेल तर आधी त्यांना बोलू द्या.